देव सोडले, पण भीती सुटली का?

वैनगंगेकाठची

जय भीम, नमो बुद्धाय. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावर. १९५६ साली माझी आजी सोळा वर्षांची होती, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, भाकरी बांधून नागपूरला गेले आणि १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांसमोर उभे राहून दीक्षा घेऊन आले. आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी कोनाड्यातले पितळेचे टाक आणि शेंदराचा गोटा टोपलीत घातला आणि नदीत सोडून दिला. आजी सांगते की कोनाड्यात टाकांच्या जागी चार गोल डाग राहिले होते. सारवून सारवून ते जायला दोन पावसाळे लागले.

त्यानंतर महिनाभरात घरात देवी आल्या. म्हणजे रोग. आजीच्या जावेचा मुलगा, तीन वर्षांचा, अंगभर फोड, डोळे चिकटलेले. शेजारपाजारचे दारात येऊन सांगायचे, मातामायचा कोप झाला, तुम्ही तिला पाण्यात टाकलं, आता निदान एक कोंबडं तरी द्या. जाऊ रडायची. पणजोबा रात्रभर अंगणात बसून असायचे, पण त्यांनी काही दिलं नाही. लिंबाच्या पाल्यावर मुलाला निजवलं, पाणी पाजलं, घरातल्या बाकीच्यांना लस टोचणाऱ्या माणसाला बोलावून आणलं.

तो मुलगा म्हणजे माझे मोठे काका. वाचले. चेहऱ्यावर व्रण शेवटपर्यंत होते. लहानपणी मी आजीला म्हटलं, बघ, देवी कोपली नव्हती हे सिद्ध झालं. आजी म्हणाली, "वाचला म्हणून आमी खरे, अन् मेला असता तर आमी खोटे, असं असते का बाई? मेला असता तरी मामंजीनं देव परत आणले नसते." हे वाक्य मी कधीच विसरले नाही.

आता खरी गोष्ट. माझ्या धाकट्या भावाने नागपुरात फ्लॅट घेतला. शिकलेला, इंजिनिअर. फ्लॅटचं दार दक्षिणेला आहे. गेल्या वर्षी वहिनीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. कुणीतरी एका वास्तुवाल्याला घरी आणलं. त्याने पहिल्या पाच मिनिटांत बाळाचं विचारून घेतलं आणि मग सांगितलं की दक्षिण ही यमाची दिशा, दार हलवा, नाही तर उंबऱ्याखाली तांब्याचे पिरॅमिड पुरा. बेचाळीस हजारांचा हिशेब कागदावर लिहून देऊन गेला. भाऊ म्हणतो, पिरॅमिड नको, आपण बौद्ध आहोत. मग भंतेजींना बोलावून परित्राणपाठ करू, म्हणजे रक्षणासाठी म्हणतात ती पाली सुत्तं, उंबऱ्याला आणि तिच्या मनगटाला सूत बांधू, म्हणजे दोष जाईल.

मला झोप लागत नाही. टाकांच्या जागी सूत आलं, एवढंच झालं का सत्तर वर्षांत? आणि वहिनीचा चेहरा बघितला की वाटतं, मी कोण हिला अडवणारी? तुमच्या घरात असं काही झालंय का? काय केलंत?

निळी_पहाट

ताई, अडवायलाच हवं. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

बावीस प्रतिज्ञा लग्नपत्रिकेवर छापायला नव्हत्या दिल्या. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे बाबासाहेबांनी वदवून घेतलं तेव्हा समोरच्या लाखो लोकांना माहीत होतं की गावात गेल्यावर वाळीत पडू, पाणी बंद होईल. तरी हात जोडून उभे राहिले. त्यांचे नातू आज वास्तुवाल्यासमोर हात जोडतात. मला तर सगळीकडे हेच दिसतंय. बुद्धाच्या मूर्तीपुढे नवस बोलतात. परीक्षेच्या आधी विहारात फेऱ्या मारतात. हसऱ्या पोटवाल्या बाहुल्याला बुद्ध समजून दुकानात गल्ल्याशेजारी ठेवतात, पैसा येतो म्हणून. तो बुद्ध नाहीच, चीनमधल्या एका भिक्खूची लोकपरंपरेतली मूर्ती आहे.

सूत बांधायचं असेल तर गंडा का नको? फरक काय, रंग पांढरा एवढाच?

पाली_वाचक

नमो बुद्धाय. वास्तूबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की बुद्ध या विषयावर काही बोललेच नाहीत.

दीघनिकाय म्हणजे बुद्धांच्या मोठ्या उपदेशांचा पाली संग्रह. त्यातलं पहिलंच सुत्त, ब्रह्मजाल, काढून बघा. त्यात ज्या विद्यांना 'तिरच्छानविज्जा', म्हणजे हीन विद्या, म्हटलंय त्यांची लांबलचक यादी आहे. अंगलक्षणं, स्वप्नफल, उत्पात, ग्रहणाचं भविष्य, लग्नाचे मुहूर्त, आणि त्यातच 'वत्थुविज्जा'. म्हणजे घराची जागा शुभ की अशुभ हे सांगण्याची विद्या, अडीच हजार वर्षांपूर्वीची. यावर पोट भरणं ही मिथ्या आजीविका आहे आणि श्रमण गौतम त्यापासून दूर राहतो, असं तिथे म्हटलंय. त्याच यादीत 'मूसिकच्छिन्न' आहे, उंदरांनी कुरतडलेल्या कपड्यावरून शकुन सांगणं. गंमत म्हणून नाही सांगत, यावर एक पूर्ण जातक, म्हणजे बौद्ध परंपरेतली जुनी कथा आहे, मंगल जातक. राजगृहातल्या एका श्रीमंत ब्राह्मणाचं नवं वस्त्र उंदरांनी कुरतडलं. घरात ठेवलं तर सर्वनाश होईल, म्हणून त्याने ते मुलाच्या हाती काठीवर टांगून स्मशानात टाकायला पाठवलं. बुद्धांनी ते तिथून उचलून घेतलं. ब्राह्मण घाबरून धावत आला, भंते, टाका ते, तुमचं वाटोळं होईल. बुद्ध म्हणाले, आम्ही स्मशानातल्या, उकिरड्यावरच्या चिंध्यांचीच चीवरं, भिक्खूंची वस्त्रं, करतो.

मला ही कथा फार मोलाची वाटते. बुद्धांनी त्या माणसाशी वाद घातला नाही. ज्याची त्याला भीती वाटत होती ते स्वतःच्या हातात घेतलं.

मुहूर्तावर नक्खत्त जातक आहे. लग्न ठरलेलं, पण घरी येणाऱ्या आजीवकाला, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या साधूला, आधी विचारलं नाही म्हणून तो रुसला आणि आज नक्षत्र वाईट आहे असं सांगून बसला. वरपक्ष थांबला. मुलीकडच्यांनी वाट बघून मुलगी दुसरीकडे दिली. शेवटी गाथा येते, 'अत्थो अत्थस्स नक्खत्तं, किं करिस्सन्ति तारका'. कामाचं नक्षत्र म्हणजे ते काम होणं हेच, तारे काय करणार.

माई_पुणे

वाचतेय. वहिनीला कुणीतरी जवळ घ्या आधी.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, ग्रामीण रुग्णालयात. सुताबद्दल माझं मत नुसतं वाचून झालेलं नाही, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझ्या मावसभावाला मण्यार चावला. जमिनीवर सतरंजी टाकून झोपला होता. मण्यारचं असं असतं की बऱ्याचदा दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही शोधून सापडत नाही. पहाटे तीनला पोटात दुखायला लागलं, वाटलं गॅस झाला. चारच्या सुमारास पापण्या जड झाल्या, उचलेनात. मावशीने ओळखलं. पण दवाखान्याऐवजी त्याला शेजारच्या गावात एका माणसाकडे नेलं, जो साप उतरवतो. घर आपलंच, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. आणि तो उतरवणारा माणूसही आपल्यातलाच. त्याने आधी त्रिशरण म्हटलं, मग फुंकर मारून दोरा बांधला. दोन तास गेले. मला फोन आला तेव्हा भावाला गिळता येत नव्हतं.

प्रतिसर्पविष दिलं, श्वास थांबायला लागला म्हणून नळी घालून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं, चार दिवस यंत्रावर होता. वाचला. सगळे वाचत नाहीत, मी बघितलेत.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, त्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिलंय. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्र, दोरे करणं हा गुन्हा आहे. मंत्र कोणत्या भाषेतला, हे कायदा विचारत नाही. विषही विचारत नाही.

म्हणून ताई, सूत बांधायचं की नाही यापेक्षा मी एकच बघेन, त्या सुतामुळे कुणी दवाखान्यात जायचं थांबतंय का? वहिनीच्या तपासण्या पूर्ण झाल्या का? पाचव्या महिन्यात गर्भ गेला असेल तर गर्भाशयाचं तोंड, साखर, थायरॉईड, संसर्ग, रक्त गोठण्याचे आजार, बरंच काही बघायचं असतं. त्या बेचाळीस हजारांत हे सगळं आरामात होतं.

निळी_पहाट

रात्रपाळी ताई, अंगावर काटा आला. हेच तर म्हणतोय मी. त्रिशरण फुंकरीसाठी वापरलं गेलं. मग परित्राणपाठ मुळातच कशाला? बंद करा ना.

पाली_वाचक

दादा, घाई नको. योगायोग असा की सापाचंच परित्त, म्हणजे परित्राणाचा पाठ आहे, खन्धपरित्त, अंगुत्तरनिकाय या उपदेशसंग्रहात. श्रावस्तीत एक भिक्खू साप चावून मेला. बुद्धांनी भिक्खूंना सांगितलं की सापांच्या चार कुळांकडे मैत्रीचं चित्त पसरवा. 'विरूपक्खेहि मे मेत्तं', तिथून सुरुवात आहे. बिनपायांचे, दोन पायांचे, चार पायांचे, अनेक पायांचे, सगळ्यांशी माझी मैत्री. हे संरक्षणासाठीच सांगितलंय, हे मी लपवणार नाही. परंपरेत पाठाने रक्षण होतं असं मानलं जातं.

पण विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातला, दुसरा प्रसंगही सोबत वाचायला हवा. त्यातल्या महावग्गात औषधांचा खंधक, म्हणजे प्रकरण आहे. तिथेही एका भिक्खूला साप चावलाय. तिथे बुद्ध पाठ म्हणा असं सांगत नाहीत. त्या काळी जे औषध समजलं जायचं ते, शेण, मूत्र, राख, माती, द्यायला परवानगी देतात. आज ते औषध कुणी देऊ नये, रात्रपाळी ताई सांगतीलच. पण चावल्यावर त्यांचा हात औषधाकडे गेला. मैत्री चावण्याआधीची, उपचार चावल्यानंतरचा. रात्रपाळी ताईंच्या मावशींनी ज्याच्याकडे नेलं त्याने हे दोन्ही उलटंपालटं केलं.

परित्त बंद करा, असं मी म्हणणार नाही. त्याचा अर्थ मराठीत सांगितल्याशिवाय म्हणू नका, एवढं मात्र नक्की म्हणेन. मंगलसुत्त घ्या. कुणीतरी विचारतं की मंगल म्हणजे काय, आणि अडतीस मंगलं सांगितली जातात. त्यात एक दिशा नाही, एक वार नाही. आईवडिलांची सेवा आहे, बायकामुलांचा सांभाळ आहे, बहुश्रुतपणा आणि हातातली कला आहे, 'अनाकुला च कम्मन्ता' म्हणजे गोंधळ, चालढकल नसलेलं काम आहे. वहिनीला हे मराठीत ऐकवलं तर त्यात भीती घालणारं काहीच नाही.

दिंडीतला

मी बौद्ध नाही, वारकरी घरातला. धागा मनापासून वाचतोय, एक शंका विचारू का? आमच्याकडेही संतांनी नवसाला झोडपून काढलंय आणि तरी नवस चालूच आहेत, तेव्हा तुमची तळमळ कळते. पण कर्मसिद्धान्त बौद्धांतही आहे ना? मग त्या माउलीला कुणी म्हणालं की तुझ्या मागच्या जन्मीचं फळ, तर ते बौद्ध मताप्रमाणे बरोबर होईल का? मला ते वास्तुवाल्यापेक्षाही क्रूर वाटतं.

अनित्य

दिंडीतले दादा, तुमच्या प्रश्नासाठी मी आज पहिल्यांदाच या धाग्यावर लिहितोय.

आमचंही बाळ गेलं. सातव्या महिन्यात. तेव्हा एक नातेवाईक, विहारात नेमाने येणारे, मला हेच म्हणाले, पूर्वकर्म. मी काही बोललो नाही, पण बायकोने ते ऐकलं होतं. ती कितीतरी दिवस रात्री उठून बसायची आणि आपण काय पाप केलं असेल ते आठवायची. शाळेत असताना मांजरीच्या पिलाला पाण्यात टाकलं होतं, ते तर नसेल? असं मला विचारायची. दिवा लावून मी तिच्यासमोर बसायचो आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

नंतर एका शिबिरात संयुत्तनिकाय या उपदेशसंग्रहातलं सीवकसुत्त ऐकलं. मोळियसीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धांना विचारतो, काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, आपलं काय म्हणणं? बुद्ध म्हणतात की असं म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला माहीत असलेल्या सत्याच्याही पलीकडे धावतात. आणि कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतू पालटणं, शरीराची हेळसांड, बाहेरचा आघात, आणि मग आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ. आठांत एक.

मी ते पान झेरॉक्स करून घरी आणलं. बायकोने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, "म्हणजे ऋतू पालटल्यानेही होतं." त्या रात्री ती झोपली. याला मी चमत्कार म्हणणार नाही. तिच्या डोक्यावर ठेवलेला एक धोंडा कुणीतरी उचलला, एवढं नक्की.

स्वावलंबनाबद्दलही सांगायचंय. आपण 'अत्त दीप भव' भिंतींवर लिहितो. पालीत जे शब्द आहेत ते 'अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा'. आणि दीप म्हणजे दिवा, तसंच द्वीपही. बरेच अभ्यासक इथे द्वीप हाच अर्थ घेतात, पुरात बुडत नाही ती जमीन. वैनगंगेकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. हे बोलताना बुद्ध ऐंशी वर्षांचे होते, वैशालीजवळच्या बेळुव गावात पावसाळ्यात जीवघेण्या दुखण्यातून नुकते उठलेले. त्यांची सेवा करणाऱ्या भिक्खू आनंदाला सांगतात की हे शरीर पट्ट्यांनी बांधून कसंबसं चालणाऱ्या जुन्या गाड्यासारखं झालंय. स्वतःला शरण जा हे ते अशा अवस्थेत म्हणतात.

पण याचा अर्थ एकट्याने सोसा, असा आम्ही पुरुषांनी काढला. मी काढला. रडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, आपण स्वावलंबी. त्याच आनंदाने एकदा म्हटलं होतं, चांगल्या मित्रांची सोबत म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धं धम्मजीवन. बुद्ध म्हणाले, असं म्हणू नकोस आनंदा, ते संपूर्ण ब्रह्मचर्य आहे. आणि अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी स्वतः आनंदासोबत धुतलं, खाटेवर निजवलं, आणि बाकीच्यांना बोलावून सांगितलं, तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

ताई, तुमच्या भावाला फोन करा. दक्षिणेबद्दल नंतर बोला. आधी विचारा, तू रडलास का?

पाली_वाचक

अनित्य दादा, नमस्कार घ्या. यापुढे माझ्याकडे फार काही नाही. दक्षिणेचा विषय निघालाच आहे म्हणून एवढंच सांगतो.

सिगालोवादसुत्त. राजगृहात सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी उभा राहून सहा दिशांना नमस्कार करत होता. वडिलांनी मरताना सांगितलं होतं, म्हणून. बुद्ध त्याला थांबवत नाहीत. म्हणतात, दिशांना नमस्कार असा नसतो. पूर्व म्हणजे आईवडील. पश्चिम बायकामुलं. उत्तर मित्र. खालची दिशा आपल्याकडे राबणारी माणसं, वरची श्रमण-ब्राह्मण. आणि प्रत्येकाशी कसं वागायचं हे सांगतात. कामगाराला झेपेल तेवढंच काम, वेळेवर अन्न आणि मजुरी, आजारपणात सुश्रूषा, इतकं बारीक.

दक्षिण म्हणजे आचार्य. शिकवणारे.

निळी_पहाट

हे माहीत नव्हतं. वाचलं होतं कधीतरी, पण दक्षिणेला कोण ते लक्षात नव्हतं राहिलं. वैनगंगेकाठची ताई, माझा पहिला प्रतिसाद जरा जोरातच झाला. म्हणणं तेच आहे, पण तुमच्या वहिनीची मी विचारपूसही केली नाही. तिला जय भीम सांगा.

वैनगंगेकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

भावाला फोन केला त्या रात्री. अनित्य दादांनी सांगितलं तेच विचारलं. बराच वेळ काहीच आवाज आला नाही, मग तो बोलला. तो दवाखान्याच्या जिन्यात रडला होता, एकटा, आणि तोंड धुऊन वर गेला होता. वहिनीला वाटत होतं की याला काही वाटलंच नाही. वर्षभर. दोघं एकमेकांपासून लपवत बसले आणि मधे तो वास्तुवाला शिरला.

आजीला मी नागपूरला घेऊन गेले. पंचाऐंशी वर्षांची आहे, कमरेत वाकलेली. तिने वहिनीला शेजारी बसवून मोठ्या काकांची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं ती पणजोबांच्या हिमतीचं सांगेल. तिने सांगितलं ते मीही कधी ऐकलं नव्हतं. तिच्या जावेने एका रात्री सगळे झोपल्यावर लपून एक अंडं आणि हळद नदीवर नेऊन ठेवलं होतं. आजी तिच्यासोबत गेली होती, अंधारात एकटी कशी जाईल म्हणून. पणजोबांना ते कळलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "भ्याली असन बिचारी, तिचं लेकरू आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून रात्री मुलाला मांडीवर घेऊन स्वतः जागायला लागले, म्हणजे जावेला झोपता यावं.

वहिनी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आम्ही बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिलो.

रात्रपाळी ताई, तपासण्या झाल्या. गर्भाशयाचं तोंड कमजोर आहे, पुढच्या वेळी टाका घालता येतो असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भावाने ते दोनदा विचारून कागदावर लिहून घेतलं. वास्तुवाल्याला नको म्हणून कळवलं.

परित्राणपाठ झाला, रविवारी. भंतेजींशी मी आधीच फोनवर बोलले होते. त्यांनी मंगलसुत्ताची एकेक ओळ पालीत म्हणून लगेच मराठीत सांगितली. वहिनीने विचारलं, सूत बांधलं की दोष जाईल का? ते म्हणाले, दोष नाहीच, तर जाणार काय? सूत बांधून घ्यायचं तर घ्या, पंचशील घेतल्याची आठवण म्हणून. मळलं की काढून टाका, भिऊ नका. तिने बांधून घेतलं. निळी_पहाट दादा, मला त्यात काही चुकलंय असं नाही वाटलं, तुम्हाला वाटलं तर सांगा.

दार दक्षिणेलाच आहे. सिगालाचं मी भावाला वाचून दाखवलं होतं. तो काही बोलला नव्हता. रविवारी सकाळी गाडी घेऊन गेला आणि तासाभराने आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंना घेऊन आला. आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात. चौथीत भावाची फी त्यांनी भरली होती. त्याने सगळ्यांना दाराबाहेर थांबवलं आणि म्हणाला, आधी बाई आत जातील. त्या उंबऱ्याशी थबकल्या, चपला कुठे काढू म्हणून विचारलं. वहिनीने खाली वाकून त्यांच्या चपलेचा पट्टा सोडवला आणि हात धरून त्यांना आत नेलं.